गुण्याच्या कोपऱ्यात पाचर

हत्यारांना तोंड होतं त्या काळची गोष्ट. भिवा सुताराला देव्हाऱ्याच्या कोपऱ्यात सागाच्या दोन तिकोनी फळ्या शेजारी शेजारी बसवायच्या होत्या. काटकोन तपासणाऱ्या गुण्याला तो म्हणाला, "दोघींचे कोन मिळून तुझा कोपरा भरला पाहिजे." पाचरीला म्हणाला, "मोठीचा कोन धाकटीपेक्षा तुझ्याएवढा जास्त हवा." आणि जेवायला गेला. साग तेवढाच उरला होता.

"आकडा सांगा, कापून मोकळी होते," करवत म्हणाली.

"माझे नव्वद अंश. पंचेचाळीस-पंचेचाळीस काप," गुण्या म्हणाला.

"आणि माझे वीस अंश कुठे गेले?" पाचर फणफणली. "साठ आणि चाळीस काप!"

"शंभर झाले की! माझ्या कोपऱ्यात मावणार कसे? मारलीस ना पाचर!"

करवतीचे दात शिवशिवू लागले. तेव्हा पेन्सिल म्हणाली, "पाचरताई, घटकाभर गुण्याभाऊंच्या कोपऱ्यात बसा बघू."

नाक मुरडत पाचर बसली. नव्वदातले वीस गेले, सत्तर उरले. त्या उरल्या जागेच्या बरोबर मधून पेन्सिलीने रेघ ओढली. "पस्तीस ही धाकटी. पस्तीस आणि पाचरताई मिळून पंचावन्न, ती मोठी."

करवतीने तशा कापल्या. फळ्या अशा बसल्या की मधून केससुद्धा जाईना.

"बघ, माझंच खरं होतं," गुण्या म्हणाला.

"माझंच!" पाचर म्हणाली.

"खरं दोघांचंही होतं," करवत हसली, "म्हणूनच तर साग वाया जाणार होता."