पलीकडचं रक्त

ओढ्याच्या अलीकडे एक राज्य, पलीकडे दुसरं. पलीकडच्या आक्काताईचा नवरा फणसाच्या झाडावरून पडला आणि मांडीचं हाड मोडून बसला. सरकारी दवाखाना जवळ होता तो अलीकडचा, म्हणून तिने त्याला तिथेच आणलं.

अधीक्षक गुळवणींनी विम्याचं कार्ड पाहिलं आणि परत सरकवलं. "हे तुमच्या राज्याचं. इथे ऑपरेशन फुकट होणार नाही. पलीकडे न्या."

"पलीकडचा दवाखाना पार जिल्ह्याला, साहेब. वाटेतच जीव जाईल त्याचा."

"नियम म्हणजे नियम, बाई."

आक्काताई जागची हलली नाही. "बरं, नेते. पण गेल्या महिन्यात आमच्या गावात शिबिर घेऊन, गळ्यात हार घालून घेऊन रक्ताच्या बाटल्या आणल्यात, तेवढ्या परत द्या. पलीकडचा माणूस इथे चालत नाही, तर पलीकडचं रक्त कसं चालतं?"

बाकांवरची माणसं वळून बघू लागली. साहेबांनी फुकट ऑपरेशनच्या कागदावर सही केली.

स्ट्रेचर आत जाताना आक्काताई म्हणाली, "रक्त लागलं तर सांगा, माझे भाऊ बाहेर बसलेत. तेही पलीकडचेच आहेत. कार्ड तेवढं मागू नका."