शंभर श्वास

एकदा एका गावी तापाची साथ आली आणि तिथल्या वृद्ध वैद्यांच्या अंगणात सकाळपासून रांग लागू लागली. वैद्य नाडी पाहत आणि त्यांचा शिष्य औषधाच्या पुड्या बांधून देई. शिष्याची आई डोंगरापलीकडच्या गावात तापाने पडलेली. वाटा बंद, आठ दिवस निरोप नाही. बिचाऱ्याचा जीव टांगणीला लागला होता.

एके दिवशी वैद्य मध्येच उठले. दार लावून घेतले आणि शिष्याला म्हणाले, "पुड्या राहू दे. डोळे मिट आणि शंभर श्वास मोज."

बाहेर माणसे कण्हत असताना हे काय भलतेच? तुम्हाआम्हाला वाटेल तेच शिष्यालाही वाटले. तो धुसफुसतच बसला. वीस श्वास झाले की आई आठवे आणि आकडा चुके. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा रडला. मग मात्र श्वास संथ झाला आणि त्याला लख्ख आठवले. मघाशी तान्ह्या मुलाच्या आईला आपण मोठ्या माणसाची पुडी दिली.

योग्य पुडी घेऊन तो धावत सुटला. वेशीपाशी त्या बाईला गाठले, पुडी बदलली, क्षमा मागितली आणि धापा टाकत परत आला. वैद्यांना ही चूक ठाऊक होती का, असे त्याने विचारले.

"नाही रे. तू एकच बरणी तीनतीनदा उघडून पाहत होतास, एवढेच दिसले."

"पण गुरुजी, आईची काळजी काही गेली नाही."

"जाईल कशी? आई आहे ती. ध्यानाने काळजी जात नसते. सकाळपासून तुझ्या हातांनी ती काळजीच पुड्या बांधत होती. आता तिला एका जागी बसवलेस, म्हणून हात तुझे झाले."

शिष्याला पटले, पण पुरते नाही. यांना कुठे कुणाची चिंता, असे मनात आलेच. दुसऱ्या दिवशी उजाडताच तो बसायला आला, तर वैद्य रोजच्यासारखे आधीच डोळे मिटून बसलेले. त्यांचे झाल्यावर त्याने धीर करून विचारले, की आपण कशासाठी बसता?

"माझी लेक सासरी याच तापाने पडली आहे," वैद्य म्हणाले. "बारा दिवस झाले, निरोप नाही."

शिष्याचे डोळे भरून आले. आपले आसन त्याने त्यांच्याजवळ ओढले आणि दोघे पुन्हा पहिल्या श्वासापासून मोजू लागले.