उणे तीनचा लाल अंगरखा

संगणकाचा पडदा पेटीएवढा जाड असायचा, त्या काळातली गोष्ट. एका आरोग्य केंद्रात लसींच्या फ्रिजचं तापमान संगणकावरच्या तक्त्यात भरत. उणे आकडे उठून दिसावेत म्हणून केंद्रातल्या कारकून देवरुखकरांनी त्यांच्यासाठी नवा फॉरमॅट, म्हणजे आकड्यांचा पेहराव, बनवला. त्यात लाल रंग घातला, उण्याची रेघ घालायची राहिली.

"माझी रेघ दे," उणे तीन फॉरमॅटला म्हणाला. "फ्रिजमध्ये लस गोठलीय. ती आता बाळांना चालायची नाही."

"लाल अंगरखा घातलाय ना तुला? मग झालं तर," फॉरमॅट म्हणाला.

पण प्रिंटर फक्त काळं छापायचा. कागदावर त्या दिवसाचे आकडे उमटले: पाच, चार आणि तीन. "ठीक आहे," म्हणत सुलभा सिस्टरांनी लसीचा डबा उचलला. बाहेर आया बाळांना घेऊन थांबल्या होत्या. उणे तीन आतून ओरडत होता, पण कागदावर तो मुकाट तीनच होता.

दारात सिस्टरांची नजर खालच्या सरासरीवर गेली. तिथे दोनचा आकडा होता. तिन्ही आकड्यांहून सरासरी कमी कशी? त्यांनी डबा खाली ठेवला.

फॉरमॅट सरासरीवर चिडला. "सगळ्यांना तीन दिसला. तुलाच कसं कळलं?"

"मला अंगरखे दिसत नाहीत," सरासरी म्हणाली. "मी आकड्याला हात लावून बघते. तो गारठला होता."