यमूनं देणं वळवलं

फार पूर्वी सागाच्या रानात यमू नावाची एकटी खार राहायची. उन्हाळ्यात तिनं उंदराकडून साठ शेंगा घेतल्या होत्या. दर अमावास्येला तो तिच्या ढोलीत येऊन वाढीच्या सहा शेंगा न्यायचा. मूळ देणं तसंच राहायचं.

एके दिवशी घूस म्हणाली, “तुझं देणं माझ्याकडे वळव. चार महिने वाढ घेणार नाही. नंतर मात्र दुप्पट घेईन.”

यमूला विचारायला कुणीच नव्हतं. महिन्याला पंधरा शेंगा जमतील असा अंदाज घेऊन ती ‘हो’ म्हणाली.

घुशीनं उंदराच्या साठ शेंगा चुकत्या केल्या. “म्हणजे माझं येणं संपलं,” उंदीर यमूला म्हणाला. दुसरं कुणी आपल्या ढोलीत येतच नाही, हे तिला तेव्हा कळलं.

चार महिन्यांत देणं फिटलं. पुढच्या अमावास्येला ती स्वतःच उंदराच्या बिळाशी गेली.

“काही राहिलंय का यमूताई?”

“नाही रे. जरा बसायला आले.”