घुबडाने परत आणलेला गुंडा

पूर्वी चंपकनगरीत राजा वीतभय राज्य करीत असताना बोधिसत्त्व नदीपलीकडच्या एका जुन्या अर्जुनवृक्षाच्या ढोलीत घुबडाच्या जन्मात राहत होता. सोबत त्याची घुबडीण होती आणि ढोलीत अंडी होती. झाडाखालीच नावेचा धक्का होता. दिवस कलला की नगरात परतणारी माणसे नाव येईपर्यंत तिथे बसत, आणि बसली की बोलत. बोधिसत्त्वाला माणसांच्या गप्पा ऐकण्याची भारी हौस. अंधार पडायच्या आत तो ढोलीच्या तोंडाशी येऊन कान देऊन बसे.

एका संध्याकाळी प्रश्न निघाला, की सगळ्यांत भयंकर जनावर कोणते? मग काय विचारता! जो तो पुढे सरसावला.

"मगर," कुंभार म्हणाला. "ओंडक्यासारखी पडून असते. जिवंत आहे की नाही तेच कळत नाही, आणि कळतं तोवर पाय तिच्या तोंडात."

"साप," कोष्टी म्हणाला. "पाय नसून माझ्यापेक्षा जोरात पळतो. हे काही बरं नव्हे."

धान्याच्या व्यापाऱ्याने पालीचे नाव घेतले तेव्हा सगळे खो खो हसले. "हसू नका," तो चिडून म्हणाला. "साप निदान जमिनीवर असतो. पाल कधी अंगावर पडेल याचा नेम नाही. मी जेवायला बसलो की आधी छत बघतो, मग ताट."

शेवटी बैलासारख्या मानेचा एक मल्ल खाली बघत पुटपुटला, "मला गोम." त्यावर तर हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आले. वर बोधिसत्त्वालाही हसू आवरेना, आणि घुबड जसे हसते तसा तो हसला. तो आवाज ऐकून खालची सगळी मंडळी चिडीचूप झाली.

"हेच ते," नावाडी हळूच म्हणाला. "सगळ्यांत भयंकर. पाखराचं अंग आणि तोंड माणसासारखं समोर. बघतं तेव्हा वाटतं, याला आपलं सगळं ठाऊक आहे."

त्या मंडळीत खदिर नावाचा राजाचा व्याध होता. भाला घेऊन वाघाच्या गुहेत शिरलेला माणूस! या भित्र्या बोलण्याचा त्याला वीट आला. त्याने गोफण काढली, कमरेच्या पिशवीतला एक गोल गुंडा चढवला आणि भिरकावला. गुंडा नेमका ढोलीत गेला.

खाली पडल्याचा आवाज आला नाही. सगळे वाट बघत राहिले.

"काय केलंस हे?" नावाडी म्हणाला. "घुबडावर फेकलेला दगड घुबड ठेवून घेतं. मग तो पाण्यात भिजवून भिजवून झिजवतं. दगड झिजेल तसा फेकणारा झिजतो."

"झिजू दे. दगड झिजायला जन्म जातो," कोष्ट्याने धीर दिला.

खदिराचा हात पिशवीत गेला आणि तिथेच थांबला. त्याने फेकला होता तो दगड नव्हता. पाखरे हाकलायला त्याची बायको सामा मातीचे गुंडे वळून उन्हात वाळवत असे, त्यातला तो एक होता. कच्ची माती! पाण्यात पडली तर विरघळायला कितीसा वेळ? त्या संध्याकाळी खदिर नावेत पाण्यापासून दूर, अगदी मधोमध बसला.

वर ढोलीत एक अंडे फुटले होते. घुबडीण त्याच्याजवळ बराच वेळ बसून राहिली. गुंडा कोपऱ्यात घरंगळला होता, त्याकडे तिने पाहिलेही नाही.

मग गंमत बघा. झाडाखाली कोणी बसेना. पोरे दगड मारायला येईनात. राजाच्या सुताराने नाव बांधण्यासाठी हे झाड हेरून बुंध्यावर गेरूची खूण केली होती. तो कुऱ्हाडी घेऊन आला, हकिकत ऐकली आणि आल्या पावली परत गेला. उरलेल्या अंड्यांतून पिल्ले बाहेर आली. घुबडीण म्हणाली, "आजवर आपण भ्यालो. आता त्यांना भिऊ द्या." बोधिसत्त्व पिल्लांना घास भरवीत राहिला. त्यालाही ते सुख गोड लागत होते.

मग एका भर दुपारी सामा आली. एकटी आली. झाडाजवळ येताना तिचे दात वाजत होते, तरी ती थेट बुंध्याशी येऊन उभी राहिली.

"पाखरा," ती वर बघून म्हणाली, "आमचे धनी अन्नाला शिवत नाहीत. रोज सकाळी मनगटाला दोरा बांधून बघतात, आणि दोरा रोज सैल होतो. वैद्यांनी हात टेकले. गुंडा मी वळलेला आहे, भिजवायचाच असेल तर त्या पापात मलाही धर. पण त्यांना सोड."

ती रडली आणि निघून गेली. बोधिसत्त्वाने वळून कोपऱ्यातल्या गुंड्याकडे पाहिले. आपण काहीच केले नाही, आणि तरी आपल्यामुळे एक माणूस मरतो आहे! गप्प बसण्याचा लाभ आपल्याला आणि किंमत त्याला, हे त्याला सोसवेना.

"मी गुंडा परत देणार," तो म्हणाला.

"त्याने आपलं अंडं फोडलं," घुबडीण म्हणाली. "आणि भीती गेली की कुऱ्हाड येईल. पिल्लांना पंख फुटले नाहीत अजून."

"येईल कदाचित. पण त्याच्या मरणावर मी आपलं घर राखणार नाही."

"मग निदान अंधार पडल्यावर जा!"

"अंधारात त्याच्या दारी घुबड बसलं तर तो भीतीनेच जाईल. उजेडातच गेलं पाहिजे. सगळ्यांना दिसलं पाहिजे."

घुबडीण पिल्लांवरून उठली. मग तिने स्वतःच कोपऱ्यातला गुंडा चोचीने त्याच्यापुढे सरकवला.

बोधिसत्त्व गुंडा पंजात धरून भर उन्हात झेपावला. डोळ्यांपुढे नुसता पांढरा लखलखाट! नदीवर पोचतो न पोचतो तोच कावळ्यांनी त्याला पाहिले. दिवसाढवळ्या घुबड! काठच्या साऱ्या झाडांवरून काव काव उठली आणि काळा थवा त्याच्यावर तुटून पडला. कोणी पाठीवर टोचले, कोणी शेपटीची पिसे उपटली. म्होरक्याने थेट डोळ्यावर चोच मारली. वेदनेने पंजा उघडला आणि गुंडा सुटला!

खाली नदी. गुंडा पाण्याकडे निघाला. बोधिसत्त्वाने पंख मिटले आणि दगडासारखा खाली कोसळला. पाणी अगदी जवळ आले, त्याचा गारवा पोटाला लागला, आणि त्याच क्षणी पंजा गुंड्यावर मिटला. पंखांनी पाणी उडाले तसा त्याने गुंडा पोटाच्या पिसांत दडपला आणि जीव खाऊन वर उसळला.

नगरात तर हलकल्लोळ माजला. "घुबड! खदिराला न्यायला आलं!" कोणी काठ्या उगारल्या, कोणी दगड उचलले. अंगणात खाटेवर पडलेल्या खदिराने डोळे गच्च मिटून घेतले. तेवढ्यात सामा ओरडत धावली, "मारू नका! त्याच्या पायात काय आहे ते बघा!"

उगारलेले हात तसेच राहिले. रक्ताने माखलेला बोधिसत्त्व खाटेवर उतरला आणि त्याने गुंडा खदिराच्या तळहातावर ठेवला.

"तुझा गुंडा," तो म्हणाला. "कोरडा आहे."

खदिराने डोळे उघडले. गुंडा चाचपला. वळताना सामाच्या अंगठ्याचा ठसा त्यावर उमटला होता, तो जसाच्या तसा होता. सामाने आपला अंगठा त्यावर ठेवला. बरोबर बसला.

"मग इतके दिवस तू याचं काय केलंस?" खदिराने विचारले.

"काही नाही. तो आमच्या अंड्यावर पडला होता. आम्ही अंड्याकडे बघत होतो."

खदिर लहान मुलासारखा हुंदके देऊन रडू लागला. रडता रडता तो म्हणाला, "सामा, भूक लागली." ती आनंदाने चुलीकडे धावली. पेज पिऊन खदिर उठला. छपरावर कावळे टपून बसले होते, म्हणून त्याने घुबडाला छातीशी धरले, वरून आपले उपरणे पांघरले, आणि झोकांड्या खात धक्क्याकडे चालू लागला. मागून सगळे नगर निघाले. नावाड्याने लगेच नाव सोडली.

पलीकडे खदिराने त्याला ढोलीत सोडले. खाली उतरल्यावर तो बुंध्याशी बसला आणि उपरण्याच्या ओल्या टोकाने गेरूची खूण पुसू लागला. सुतार काठावर उभा होता. त्याने खदिराकडे पाहिले, मग वर पाहिले. ढोलीच्या तोंडाशी पिल्लांचे पांढरे चेहरे ओळीने बसले होते. सुतारही खाली बसला आणि दुसऱ्या बाजूने खूण पुसू लागला.

जेतवनात ज्या भिक्षूंनी सर्वांत भयंकर प्राणी कोणता यावर मोठा वाद घातला होता, त्यांना शास्त्याने ही पूर्वजन्मीची हकिकत सांगितली. मग पात्रांची ओळख करून दिली. घुबडाच्या हुंकाराने रात्रभर न झोपलेला भद्रक भिक्षू तेव्हा खदिर होता. सामा म्हणजे आनंद आणि घुबडीण म्हणजे राहुलमाता. कावळ्यांच्या म्होरक्याचे नाव शास्त्याने घ्यायच्या आधीच भिक्षूंनी देवदत्त म्हणून टाकले. एक डोळा गमावलेले घुबड तर मीच होतो, असे शास्ता म्हणाला.

तेवढ्यात जवळच्या एका झाडाच्या फांदीवर घुबड हुंकारले. सर्वांनी भद्रकाकडे पाहिले. त्याने मान वर केली, हसला, आणि आपली चटई त्या झाडाखाली ओढून घेतली.

या कथेतला गुण अभयदान होय.