पाण्यात धरलेला हात

फार पूर्वी, समुद्रापासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, एका नदीच्या काठी एक गाव होते. नदीत खोल डोह होते आणि डोहांत वाम राहत. वाम म्हणजे सापासारखा लांब, गुळगुळीत मासा. गावात कोणी बाळंत झाली की तिला वामाचे कालवण करून घालायचे, ही तिथली पद्धत होती.

मोठे वाम पावसाळ्यातल्या पुराबरोबर समुद्रात निघून जात. ते परत आलेले कोणी पाहिले नव्हते. परत यायची ती त्यांची पिल्ले. दोऱ्याएवढी बारीक, काचेसारखी आरपार, आणि डोळ्यांच्या जागी दोन काळे ठिपके. समुद्राचा प्रवाह त्यांना खाडीच्या तोंडाशी आणून सोडी. तिथून पुढे, कधी न पाहिलेल्या नदीची वाट ती आपली आपण शोधत. गावातले लोक म्हणत, पोरे आजोळी आली.

पाऊस संपला की गाव नदीवर दगड, पाला आणि चिखलाचा बांध घाली. त्या पाण्यावर उन्हाळी भात पिके. बांधाच्या मधोमध मात्र हातभर रुंदीचे एक दार उघडे ठेवत. कार्तिकी पौर्णिमेला सकाळी मानकरी त्या दारात शेवटचा धोंडा बसवी. एकदा धोंडा बसला आणि पाणी चढले, की तो काढता येत नसे. काढला तर बांधच फुटायचा.

हा मान एकाच घराचा होता. धोंडा बसवण्याआधी मानकरी गुडघाभर पाण्यात उतरे आणि उजवा हात त्या दारातल्या धारेत, बोटे पसरून, डोळे मिटून धरी. काठावरचे सगळे तेवढा वेळ हात जोडून उभे राहत. मानकऱ्याच्या आजाने हे केले होते, बापाने केले होते, म्हणून तोही करी.

पुढे वाम कमी होऊ लागले. गावाला वाटले, विधीत काही चुकते आहे. कोणी म्हणाले, मागच्या वर्षी धोंडा उशिरा बसला. मग काठी रोवून सावली मोजून वेळ धरू लागले. एका नारळाचे दोन नारळ झाले. धोंड्याभोवती चिखलाचा एक थर असे, त्याचे तीन झाले, थेंबही झिरपेना. तरी वाम कमीच होत गेले. एका वर्षी गावात तीन बाळंतपणे झाली आणि तिघींनी नुसती पेज खाल्ली.

मानकऱ्याची सून खाडीच्या तोंडाशी असलेल्या गावातली होती. लग्न होऊन आली त्याच वर्षी, मार्गशीर्षात, ती बांधाच्या खालच्या अंगाला कपडे धुवायला गेली. तिथे बगळेच बगळे उतरले होते. बायका हसून म्हणाल्या, यंदा बगळ्यांची जत्रा भरली. सुनेने खाली पाहिले. बांधाच्या पायथ्याच्या दगडांना वाळलेल्या शेवयांसारखे काही चिकटले होते. तिने एक शेवई नखाने उचलली. त्या शेवईला दोन काळे ठिपके होते.

नवी नवरी होती, कोणाला काही बोलली नाही. पण पुढच्या भाऊबीजेला माहेरी गेली तेव्हा तिने भावाला विचारले. भाऊ मासेमारी करी. त्याने सांगितले, समुद्र आता पूर्वीसारखा राहिला नाही. पाऊस सरून गेला तरी पाणी कोमटच असते. किनाऱ्याकडे येणारा प्रवाह कुठे तरी वळतो, आणि येतो तो महिनाभर उशिरा. बांगडे खोल पाण्यात गेले. वामाची पोरे यंदा अजून आलेलीच नाहीत. गेल्या वर्षी आली तीही मार्गशीर्षात, आणि पूर्वीच्या मानाने मूठभर.

सून परतली तेव्हा पौर्णिमेला चार दिवस उरले होते. सासऱ्याला जेवायला वाढताना तिने सगळे सांगितले. मानकऱ्याने पुढचा घास कालवला. मग म्हणाला, "आजाच्या वेळेपासून पौर्णिमाच आहे."

"मामंजी, तुम्ही पाण्यात हात का धरता?"

"रीत आहे."

"बोटं पसरून धरता. हात जोडायचे तर जोडून धरले असते. हाताला काही लागतंय का, ते बघायचं असेल."

मानकऱ्याच्या हातातला घास तसाच राहिला. त्याला आजा आठवला. आजा पाण्यातून हात काढून कधी मान हलवायचा, कधी पुन्हा हात घालायचा आणि लोकांना ताटकळत ठेवायचा. लहानपणी त्याला वाटे, म्हातारा मंत्र विसरतो.

पौर्णिमेला सगळे गाव काठावर जमले. मानकरी पाण्यात उतरला, हात पसरला. या वेळी त्याने डोळे उघडे ठेवले. धार बोटांमधून जात होती. नुसते पाणी होते.

तो वर आला आणि म्हणाला, "पोरं अजून यायची आहेत. धोंडा आज बसणार नाही."

सुनेचे बोलणे चार दिवसांत गावभर झाले होते; काठावर कुजबुज झाली. वरच्या वाडीचा शेतकरी पुढे आला. "मानकरी, रोज इतकं पाणी वाहून गेलं तर आमचं भात कशावर पिकवायचं? सुनेनं सांगितलं म्हणून पौर्णिमा पुढे ढकलायची? उद्या ती म्हणाली तर शिमगा श्रावणात घालाल."

लोक हसले. दुसरा म्हणाला, तुम्हाला जमत नसेल तर मान दुसऱ्या घराला द्या, धोंडा उचलणारे पुष्कळ आहेत.

मानकऱ्याने सगळ्यांकडे पाहिले. त्याच्या घराला गावात दुसरे काही मोठेपण नव्हते. जमीन थोडी, घर साधे. होता तो हा एक मान.

"द्या," तो म्हणाला. "पण ज्याला द्याल त्यानं आधी पाण्यात हात घालून गावाला सांगावं, की सगळी पोरं येऊन गेली. मग खुशाल धोंडा बसवावा. आणि पाण्याचं म्हणाल, तर पाणी उतरलं की सगळ्यात आधी माझं शेत सुकतं. मी थांबायला तयार आहे."

कोणीच पुढे आले नाही. खोटे बोलायला हात तर घालावा लागला असता, आणि सगळे गाव बघत होते.

रोज सकाळी मानकरी हात धरी. पंधरा दिवस गेले, वीस गेले. पाणी उतरले. त्याच्या शेतातली रोपे पिवळी पडली. वरच्या वाडीने अर्ध्याच शेतात लावणी केली. लोक त्याच्याशी बोलेनासे झाले.

चोविसाव्या सकाळी त्याच्या बोटांना ओला केस ओढल्यासारखे काही लागले. मग आणखी एक. मग कितीतरी. तो हलला नाही. सून काठावर होती. त्याने तिला मानेनेच बोलावले. तिनेही हात घातला. तिच्यामागून वरच्या वाडीचा शेतकरी आला. आला होता तो भांडायला. पण त्यानेही हात घातला, आणि बराच वेळ काढला नाही.

पाच दिवसांनी धारेत हाताला काही लागेनासे झाले, तेव्हा मानकऱ्याने धोंडा बसवला. त्या वर्षी गावाने भात कमी आणि नाचणीच जास्त खाल्ली.

पुढच्या वर्षांत डोहांत वाम पुन्हा दिसू लागले. पूर्वीइतके नाही. समुद्र काही गावाच्या हातात नव्हता. दार तेवढे होते. पण बाळंतिणीला कालवण मिळू लागले. आता त्या गावात धोंड्याची तिथी कोणी विचारत नाही. सकाळी पाण्यावरून येणाऱ्याला लोक एवढेच विचारतात, "हाताला काही लागलं का?"

तात्पर्य: रीत पाळायची तर ती कोणासाठी घातली होती हे आधी आठवावे. समुद्र बदलला तर येणाऱ्याला उशीर होणारच; ज्यांच्यासाठी दार ठेवले, ते येईपर्यंत ते उघडे ठेवावे.