गेरूच्या वाट्याचं हाड

एका राज्यात एक शब्द बोलायला मनाई होती. तो शब्द म्हणजे ‘हाड’. कुणी प्रधानाला लबाड म्हटलं तरी राजा शूरपाल हसून सोडून देई. पण त्याच्या लाडक्या गेरू कुत्र्यासमोर कुणी ‘हाड’ म्हटलं की त्याला भर दरबारात नाक घासावं लागे. मुदपाकखान्यात तर खऱ्या हाडालाही ‘खाऊ’ म्हणत. आता काय बोलावं अशा लाडाला!

हा गेरू मुळात रानातला. एका मेलेल्या मांत्रिकाच्या गुहेतला खजिना उपसताना राजाला दोन गोष्टी आवडल्या. एक तीन कड्यांचा सोन्याचा पट्टा. दुसरं, गुहेच्या तोंडाशी खेळणारं तांबूस पिल्लू, रानकुत्र्यांच्या म्होरक्याचं. राजाने गंमत म्हणून पट्टा पिल्लाच्या गळ्यात घातला आणि पिल्लू श्वानपाल केरोजीच्या ओटीत टाकलं. केरोजीला ना बायको, ना मूल. त्याने पिल्लाला बोळ्याने दूध पाजलं, आपल्या घोंगडीत निजवलं. सात वर्षं तो जेवला, ते गेरूला भरवून मगच.

पण खजिना शापित होता. सात वर्षं पट्टा गेरूबरोबर वाढला, आठव्या वर्षी तो दर अमावास्येला तिळाएवढा आवळू लागला. सोनारांच्या छिन्न्या मोडल्या, पट्ट्यावर ओरखडा उठला नाही. तिकडे रानात म्हातारा म्होरक्या मेला, त्याचं पोर राजवाड्यात, म्हणून टोळी पांगली, डुकरं मोकाट सुटली आणि उभी पिकं लोळवू लागली. प्रजा हैराण झाली. केरोजीला मात्र एकच घोर लागला होता. गेरूला धाप लागत होती.

एका सकाळी अंगणातल्या उंबरावर धनेश पक्षी येऊन बसला. धनेशाला माणसाची वाणी होती, पण तो उगाच बडबड करत नसे.

“केरोजी,” पक्षी म्हणाला, “गेरू ज्याच्या हातचा घास खातो, त्याच्याकडून त्याला हाड मिळू दे. पट्टा गळून पडेल. मुदत येत्या अमावास्येपर्यंत.”

“अरे, हळू बोल! तो शब्द इथे चालत नाही,” केरोजी दचकून म्हणाला. “आणि खाऊ तर मी त्याला रोज देतो.”

“खाऊ देतोस. हाड कधी दिलंस?” एवढं बोलून पक्षी उडून गेला.

केरोजीने डोकं खाजवलं. त्याला वाटलं, साध्या हाडाने भागायचं नाही. राजज्योतिष्याने पोथी उघडून तीन हाडं सांगितली: बोलत्या वाघाच्या गुहेतलं, उलट्या वाहणाऱ्या नदीतल्या माशाचं आणि ढगांत चरणाऱ्या हत्तीचं. केरोजीने भाकऱ्या बांधल्या, गेरूला घेतलं आणि तो निघाला.

वाघ गुहेच्या तोंडाशीच आडवा पडला होता. “परत फीर,” तो म्हणाला. तेव्हा गेरू गुरगुरला. असा आवाज केरोजीने इतक्या वर्षांत ऐकला नव्हता. वाघ उठून बाजूला झाला. “याच्या बापाचा आवाज मी ओळखतो,” तो म्हणाला. गेरूने गुहेतलं हाड चघळलं. पट्टा तसाच राहिला.

उलट्या नदीत माशाचं हाड काढताना केरोजीचा पाय घसरला. गेरूने धोतराचा सोगा दातांत धरून त्याला काठाला ओढलं. ते हाडही वाया गेलं. त्या दिवशी गेरूने भाकरी हुंगली आणि तोंड फिरवलं. मग स्वतःच ससा धरून आणला आणि अर्धा केरोजीपुढे ठेवला. केरोजी हसला आणि गेरूने नाकारलेली भाकरी त्याने परत फडक्यात बांधली. पोर आपल्या पायावर उभं राहत होतं.

तिसऱ्या डोंगरावर ढगांत चरणारा हत्ती केव्हाच मरून पडला होता. त्याच्या बरगड्यांत घरट्यांची गर्दी होती. अमावास्या उजाडली होती. गेरूने ते हाड तोंडात धरलं, इतक्यात खालच्या दरीतून शीळ आली. रानकुत्रे शीळ घालतात. हाड टाकून गेरू उताराला लागला.

केरोजी उताराच्या कडेशी धावला. “गेरू! यू, यू, यू!” त्याने हाक मारली.

गेरू थबकला, वळला आणि शेपूट हलवत परत आला. येता येताच पट्टा आवळला. गेरू केरोजीच्या पायांशी कोसळला, जीभ बाहेर आली.

“अरे देवा! तिन्ही हाडं दिली रे याला!” केरोजी रडू लागला.

धनेश बरगडीवर बसलाच होता. “तू हाडकं दिलीस. मी हाड म्हटलं होतं. जगातली माणसं कुत्र्याला जे म्हणतात, ते.”

केरोजीला उमगलं. मेला तर गेरू त्याच्याजवळ राहणार होता, जगला तर जाणार होता.

“हाड,” तो पुटपुटला. एक कडं खळ्‌कन तुटलं. गेरूला या शब्दाने कुणी कधी हाकललं नव्हतं. श्वास मोकळा होताच तो उठला आणि केरोजीचा हात चाटू लागला.

“हाड म्हणतो ना!” केरोजीने हात मागे घेतला. दुसरं कडं तुटलं. गेरूचे कान पडले. आपलं काय चुकलं, असा तो बघत राहिला.

केरोजीने ढेकूळ उचललं. डोळ्यांना धारा लागल्या होत्या, तरी तो डोंगर दणाणेल असा ओरडला, “हाड! हाड रे माझ्या सोन्या, हाड!”

तिसरं कडं गळून पडलं. गेरू दरीत उतरला. त्याने मागे पाहिलं नाही.

टोळी जमली, डुकरं रानात परतली, पिकांनी मान वर केली. केरोजीने तीन कडी राजापुढे ठेवली.

“कुत्रा कुठे आहे?” राजाने विचारलं.

“महाराज, घरी गेला.”

राजाने एकेक कडं हातात घेऊन पाहिलं. मग त्याने कडी गुहेत परत पाठवली आणि शब्दावरची मनाई उठवली.

वर्षभराने केरोजी रानाच्या ओढ्यावर गेला. पैलतीरी टोळी आली, पुढे गेरू. केरोजीच्या ओठांवर ‘यू’ आलं. त्याने तोंडावर हात दाबला. गेरू एकटाच ओढा ओलांडून आला, तोंडातलं काहीतरी केरोजीच्या पायांशी ठेवलं आणि आल्या वाटेने परत गेला.

ते एक हाड होतं, ताजं, अर्धं मांस राखलेलं.

“अरे लबाडा,” केरोजी हसत, डोळे पुसत म्हणाला, “हे खायला दिलंस, की मला घरी जा म्हणतोस?”

त्याने ते हाड पंच्यात गुंडाळलं आणि तो घरी गेला.